दुखणं हाडांचं, डॉक्टर रक्ताचा

पत्र, थोडक्यात:

‘डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझे सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो) ६३ वर्षांचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. गणपतीपासून कंबर दुखत होती. मणक्यात गॅप आलाय म्हणून पट्टा, शेक, दुखण्याची इंजेक्शनं, सगळं झालं. दिवाळीत पाण्याची बादली उचलताना कट्‌कन वाजलं. एमआरआयमध्ये बारावा मणका दबलेला निघाला. रक्त ७.८ आलं. बोन मॅरो केली, प्लाझ्मा सेल ४२ टक्के, मल्टिपल मायलोमा असं लिहून आलं. दीर म्हणतात हाडाचा कॅन्सर आहे, आधी मणक्याचं ऑपरेशन करून घेऊ. आमचे हे म्हणतात मुंबईला टाटाला नेऊ. इथले कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात उपचार सोलापुरातच सुरू करू, पण हाडांचं इंजेक्शन दात तपासल्याशिवाय देणार नाही. शेजारच्या काकूंना तेच इंजेक्शन वर्षातून एकदा देतात, त्यांचे दात कुणी पाहिले नाहीत. मामांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचं एकच, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आत मला उभं करा.
– एक सून, अक्कलकोट रोड’

ताई,

पत्रासोबत रिपोर्टांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. त्यातल्या कॅल्शियमचं उत्तर मी त्याच रात्री फोनवर दिलं होतं, कारण ते सदराच्या पाळीसाठी थांबण्यासारखं नव्हतं. पण ती गोष्ट इतरांच्याही कामाची आहे, म्हणून पुन्हा लिहितो. रिपोर्टात कॅल्शियम १०.४ होतं आणि त्याच्यापुढे लाल खूण नव्हती. मात्र दोन ओळी खाली अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) २.८ होतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायचं असतं. तो हिशेब केला की खरं कॅल्शियम ११.४ च्या घरात जातं, म्हणजे वाढलेलं. मामा दिवसभर पेंगतात, सारखं पाणी मागतात, चार दिवस पोट साफ नाही, हे तुम्ही ‘आता वय झालं’ असं म्हणून लिहिलं होतंत. ते वय नव्हतं, कॅल्शियम होतं. सलाईन लागलं, कॅल्शियम उतरलं आणि माणूस जागा झाला, हे तुम्हीच कळवलंत.

त्यांना दिवसातून दोनदा कॅल्शियमची गोळी चालू होती. हाड विरघळून कॅल्शियम रक्तात उतरतंय आणि आपण वरून आणखी घालतोय, असा तो प्रकार. ती गोळी बंद केलीत, तशीच राहू द्या. पुढे हाडांचं इंजेक्शन सुरू झालं की कदाचित हीच गोळी डॉक्टर स्वतः लिहून देतील. तेव्हा गोंधळू नका, त्या वेळी गरज उलटी असते.

आता दिरांचा मुद्दा. हाडाचा कॅन्सर आणि मायलोमा हे दोन वेगळे आजार. मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर, फक्त तो राहतो हाडाच्या आतल्या मगजात, जिथे रक्त तयार होतं. प्लाझ्मा सेल ही आपलीच पेशी, जंतूंशी लढायला प्रथिनं तयार करणारी. मगजात ती पाच टक्क्यांच्या आत असायला हवी. मामांच्या मगजात ती ४२ टक्के झाली, सगळ्या एकाच वाणाच्या, आणि एकच निरुपयोगी प्रथिन रात्रंदिवस रक्तात ओतताहेत. मगजात जागा उरली नाही म्हणून रक्त ७.८. प्रथिन मूत्रपिंडात अडकतं म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं.

आणि हाड? हाड रोज थोडं खणलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. खणणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. मायलोमाच्या पेशी खणणाऱ्यांना चेतवतात आणि भरणाऱ्यांना कामावरच येऊ देत नाहीत. सोलापूरकरांना हे अधिक समजावून सांगायची गरज नसावी, आपल्या गल्लीत रस्ता खणायची टोळी येते आणि बुजवायची येतच नाही. मणका असा आतून पोकळ होत गेला, आणि बादली हे फक्त निमित्त झालं.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होतो. रुग्णाला औषध देणं हे माझं काम नव्हतं, मी काच बघायचो. मायलोमाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तांबड्या पेशी पुष्कळदा सुट्या दिसत नाहीत. कडक भाकऱ्यांची चळत रचावी तशा एकीवर एक चिकटून बसलेल्या असतात, कारण रक्तात प्रथिन दाटलेलं असतं. काचेची पार्श्वभूमीही किंचित निळसर दिसते. मामांच्या जुन्या रिपोर्टातही हे लिहिलेलं आहे: एकूण प्रथिन १०.६, ईएसआर (तांबड्या पेशी तळाला बसण्याचा वेग) १२२. तो रिपोर्ट सप्टेंबरचा. त्यावर कुणी थांबलं नाही. मी इतरांना बोल लावायला मोकळा नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कंबरदुखीवाल्याचा ईएसआर १२८ आला होता. मी सही केली आणि पुढचा कागद ओढला. आठ महिन्यांनी तोच माणूस माझ्याकडे बोन मॅरोच्या तपासणीला आला. तेव्हापासून पन्नाशीपुढची हटत नसलेली कंबरदुखी, कमी रक्त आणि तीन आकडी ईएसआर एका कागदावर दिसले की मी समोरच्या डॉक्टरला फोन लावायचो.

म्हणून ऑपरेशन आधी, हे नको. मणका दुरुस्त करणारा सर्जन लागेल, पण त्याला बोलवायचं रक्ताच्या डॉक्टरने. दबलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरता येतं, त्याने कित्येकांचं दुखणं पुष्कळ कमी होतं. मांडीच्या हाडात मोठं भोक असेल तर मोडायच्या आधीच आत सळई घालतात. एखाद्या जागी फार दुखत असेल तर तिथे रेडिएशन देतात, कधी एकाच बैठकीत. हे सगळं मूळ उपचाराच्या हातात हात घालून चालतं. मूळ उपचार थांबवून मोठं ऑपरेशन करायची वेळ मुख्यतः एका प्रसंगात येते, मज्जारज्जू दाबला जातो तेव्हा. पायातली ताकद जाणं, चालताना पाय लटपटणं, लघवी अडकणं, बसायच्या जागेला बधिरपणा, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. तासांचा हिशेब असतो तो.

मुंबई की सोलापूर, यावर तुमच्या घरात दोन तट पडलेत. मला विचाराल तर दोघेही अर्धे बरोबर आहेत. योजना मोठ्या ठिकाणी ठरवून घ्या आणि इंजेक्शनं इथे घ्या.

मायलोमाचा सुरुवातीचा उपचार बहुतेक वेळा बाह्यरुग्ण म्हणून होतो. बोर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात, सहसा आठवड्यातून एकदा. सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि आणखी एखादं औषध. या मुख्य औषधांच्या भारतात तयार होणाऱ्या स्वस्त आवृत्त्या मिळतात, म्हणून पूर्वीइतका खर्च राहिलेला नाही. बोर्टेझोमिब मूत्रपिंड बिघडलेलं असतानाही देता येतं आणि रोग आटोक्यात येऊ लागला की मूत्रपिंडही पुष्कळदा सुधारतं. म्हणून उशीर करण्यात अर्थ नाही. एका इंजेक्शनासाठी दर आठवड्याला मोडक्या मणक्याने मुंबई गाठणं हा शहाणपणा नव्हे.

पण एकदा जा. का, ते सांगतो. साधारण चार ते सहा महिन्यांच्या उपचारानंतर प्रश्न येतो स्वतःच्याच मूलपेशींच्या प्रत्यारोपणाचा. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढून गोठवतात, मेल्फॅलान या औषधाचा जबरी डोस देतात आणि त्या पेशी परत सोडतात. दाता लागत नाही, भावाबहिणींचं रक्त जुळवायचं नसतं. मामा ६३ वर्षांचे, त्यामुळे त्यांचा विचार नक्की होईल, मूत्रपिंड आणि हृदय कसं आहे यावर ठरेल. हे काम रक्तरोगतज्ज्ञाचं, ज्याला हिमॅटोलॉजिस्ट म्हणतात, आणि त्याचं मत पहिल्या महिन्यातच फाइलवर असावं. कारण काही औषधं आधी फार काळ दिली तर मूलपेशी गोळा करताना त्रास होतो. टाटा मेमोरियल परळला १९४१ पासून आहे, त्यांचं प्रत्यारोपणाचं काम खारघरच्या केंद्रात चालतं. पुण्यातही प्रत्यारोपण करणारी रुग्णालयं आहेत आणि पुणे आपल्याला जवळ पडतं. आपल्याच जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. रेडिएशनसाठी लांब जाण्याआधी तिथे विचारा.

जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. ज्या लॅबमध्ये बोन मॅरो तपासली तिथून काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. हे मी आतल्या माणसाच्या नात्याने सांगतोय: मोठ्या केंद्रात काच पुन्हा बघतात, आणि ती नसली की पुन्हा कमरेत सुई. ब्लॉक लॅबने सांभाळून ठेवलेले असतात, अर्ज आणि सही करून मिळतात. एमआरआयची सीडी, आणि ‘फिश’ नावाची गुणसूत्रांची तपासणी पाठवली आहे का, हेही विचारा. ती उपचार सुरू होण्याआधीच्या नमुन्यावर व्हावी लागते. संपूर्ण अंगाचा कमी डोसचा सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन सांगतील. कुणी साधा बोन स्कॅन लिहून दिला तर नम्रपणे विचारा. तो स्कॅन हाड कुठे भरलं जातंय ते दाखवतो, आणि मायलोमात भरणारी टोळीच गायब असते.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसून सकाळी दादरला उतरा, परळ तिथून हाकेच्या अंतरावर. खालचा बर्थ घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेची सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी मिळतो.

आता दात. शेजारच्या काकूंचं इंजेक्शन आणि मामांचं इंजेक्शन औषधाने एकच, झोलेड्रॉनिक ॲसिड, पण हिशेब वेगळा. काकूंना ठिसूळ हाडांसाठी ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा. मायलोमात ४ मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी, कित्येक महिने. हे औषध खणणाऱ्या टोळीला थांबवतं. ते इतक्या वारंवार दिलं की जबड्याचं हाड एखाद्या जखमेतून भरून येत नाही, उघडं पडतं, सडतं. दात काढला की जबड्यात जखम होतेच. म्हणून जो दात काढायचा तो इंजेक्शनाच्या आधी काढायचा, जखम भरू द्यायची, मग सुरुवात. मामांचा खालचा एक दात हलतोय असं तुम्ही लिहिलंय. तो दात हाच तुमच्या डॉक्टरांच्या अडून बसण्याचा अर्थ. ते अडवत नाहीयेत, ते बरोबर आहेत. आणि मिसरी असेल तर ती बंद. सोलापुरात हा प्रश्न न विचारता पुढे जाता येत नाही.

आणखी एक. तुम्ही मामांचं वजन ५८ किलो लिहिलंत, म्हणून मी कागदावर मूत्रपिंडाचं गणित मांडून पाहिलं. १४० मधून वय वजा करा, उरले ७७. त्याला ५८ ने गुणा. ७२ गुणिले क्रिएटिनिन २.१ याने भागा. उत्तर येतं साडेएकोणतीस, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त साफ करतं तो आकडा. हे इंजेक्शन मायलोमाच्या हाडांसाठी तिसाच्या खाली सहसा देत नाहीत, साठाच्या खाली डोस कमी करतात. म्हणजे दात आजच ठीक झाला तरी थोडं थांबणं आलंच. बोर्टेझोमिबने क्रिएटिनिन उतरलं की पुन्हा मोजतील. नाहीच उतरलं तर डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन आहे, कातडीखाली, महिन्यातून एकदा. त्याला मूत्रपिंडाची अडचण नाही, पण कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं, आणि ते मध्येच सोडून दिलं तर मणके पटापट दबू शकतात. दातांची अट त्यालाही आहेच. दातासाठी बोर्टेझोमिब मात्र थांबवायचं नाही. तुम्ही दोन्ही इंजेक्शनांची सरमिसळ केलीय असं पत्रावरून वाटलं.

घरच्या गोष्टी. दुखण्याच्या गोळ्यांचा डबा आज रिकामा करा: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, ‘कंबरेची लाल गोळी’, सगळं. मूत्रपिंड यानेही आणखी बिघडलं असावं. पॅरासिटामॉल चालतं, त्याने भागलं नाही तर डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखं काही देतील, सहन करत बसायची गरज नाही. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर. मालिश नाही, मणका बसवून देणारा तर दारातसुद्धा नाही. वाकून बादली, घागर, गॅसची टाकी काही उचलायचं नाही. स्कूटरवर मागे बसवून स्पीडब्रेकरवरून नेऊ नका, रिक्षाही सावकाश. आणि तरीही दिवसभर गादीवर नको, पट्टा लावून घरातल्या घरात चालू द्या. १००.४ च्या वर ताप आला तर क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, दवाखाना.

डेक्सामेथासोनच्या ४ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या एकदम घ्यायला सांगितल्या तर ते लिहिताना झालेली चूक नाही. आठवड्यातून एकाच दिवशी, सकाळी, नाश्त्यानंतर. घाबरून रोज एक दिलेली घरं मी पाहिली आहेत. त्या दिवशी साखर वाढते आणि रात्री झोप येत नाही, माणूस मध्यरात्री कपाट आवरायला घेतो. बोर्टेझोमिब चालू असताना नागीण उठू नये म्हणून ॲसायक्लोव्हिरची गोळी असते, ती ‘खाज तर नाही’ म्हणून बंद करू नका. पायाच्या बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, डोस कमी करता येतो. तुमच्या नणंदेने पाठवलेला ग्रीन टी कपाटात राहू द्या, त्यातला घटक याच औषधाला बांधून ठेवतो असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. साधा चहा चालेल.

पैशांचं तुम्ही शेवटच्या ओळीत, जरा संकोचून लिहिलंय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. २०१२ मध्ये ही योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या आरोग्यमित्रांना (रुग्णालयात योजनेच्या मदतीला असणाऱ्या कर्मचाऱ्यांना) सवय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू व्हायच्या आधी भेटा, नंतर बिलं घेऊन नव्हे. कोणतं औषध पॅकेजात बसतं आणि कोणतं नाही, हे नावानिशी लिहून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही विचारायला लाजू नका.

मामांना सांगायचं का? ताई, ज्या माणसाने आयुष्यभर बॉनेट न उघडता इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगितला, त्याला तुमच्या कुजबुजीवरून काही कळलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? दर आठवड्याला पोटात सुई, आठ-दहा गोळ्या, दात, मुंबई. हे सगळं ‘गॅप’साठी चाललंय हे त्यांना पटवत बसायला रोज नवं खोटं लागेल. आणि प्रत्यारोपणाला सही त्यांचीच लागणार. मुलाने सांगावं, तुम्ही बाजूला असावं, डॉक्टरांसमोर असेल तर आणखी बरं. आजार पूर्ण जात नाही असंच बहुतेक वेळा असतं, पण औषधांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो, हे दोन्ही एकाच दमात सांगा. पहिलं सांगून थांबलात तर ते धसका घेतील, आणि नुसतं दुसरं सांगितलंत तर दोन इंजेक्शनांनी बरं वाटलं की डेपोतल्या मित्रांना भेटायला निघतील.

गड्ड्याचं बघू. तोवर सात-आठ इंजेक्शनं झालेली असतील, दुखणं पुष्कळ उतरलेलं असेल. नंदीध्वजाला (यात्रेत मिरवतात त्या उंच काठीला) चार पावलं खांदा देतो असं ते म्हणाले, हे तुम्ही हसत लिहिलंय, पण त्याचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका. त्या काठीला यंदा हात नाही, सरावालाही नाही. गर्दीत एक धक्का आणि अकरावा मणकाही गेला. मिरवणुकीच्या रस्त्यावर कुणा ओळखीच्यांची गॅलरी असेल तर दुपारीच नेऊन बसवा, पाठीला उशी, तोंडाला मास्क. बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक अंगरखा) घालायची म्हणाले तर घालू द्या, पट्टा आतून लावा.